ब्लोइंग रॉकचा हॉर्स शो : घोड्याची गरज संपली, तेव्हा सुरू झालेली जत्रा

डोंगरवाट

मंडळी, मागे ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या रस्त्याचे फोटो टाकले होते. त्यात काळा कोट आणि वाटोळी टोपी घालून ताठ बसलेली घोडेस्वार बाई कोण, असं दोघातिघांनी विचारलं होतं. ती ब्लोइंग रॉकच्या हॉर्स शोमधली. उत्तर फोटोखाली दोन ओळींत मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

ब्लोइंग रॉक म्हणजे नॉर्थ कॅरोलिनातलं साडेतीन हजार फुटांवरचं गाव. माथेरानहून उंच, महाबळेश्वरहून ठेंगणं. शार्लटहून गाडीने दोन तास. कायमची वस्ती जेमतेम तेरा-चौदाशे, पण उन्हाळ्यात मेन स्ट्रीटवर गाडी लावायला जागा मिळाली तर पेढे वाटावेत. गावाला नाव मिळालं ते जॉन्स नदीच्या दरीवर पुढे आलेल्या एका कातळावरून. दरीतून वारा असा उसळतो की टाकलेली हलकी वस्तू परत येते, आणि हिवाळ्यात बर्फ खालून वर पडतो म्हणतात. (आम्ही रुमाल टाकून बघितला. परत आला नाही. बायकोचा होता.)

गावाला नगराचा दर्जा मिळाला १८८९ साली. दोनच वर्षांनी ग्रीन पार्क हॉटेल उभं राहिलं. ते अजून आहे. खालच्या सपाटीवरच्या श्रीमंतांना उन्हाळा सोसायचा नाही. ते पायथ्याच्या लेनॉरपर्यंत आगगाडीने येत, पुढचा चढ घोडागाडीने. बायकामुलं सगळा उन्हाळा वर, पुरुषमाणसं शनिवार-रविवारी वर. मुंबईकर आणि माथेरानचं जे नातं, तेच.

आता मुद्द्याकडे. हा हॉर्स शो १९२३ साली लॉइड टेट यांनी सुरू केला. शो आज जिथे भरतो त्या मैदानाला टेट यांचंच नाव आहे, आणि तो सगळा परिसर ब्रॉयहिल इक्वेस्ट्रियन प्रिझर्व्ह म्हणून ओळखला जातो. २०२३ मध्ये शंभरी साजरी झाली. नाव आहे ‘ब्लोइंग रॉक चॅरिटी हॉर्स शो’, आणि अमेरिकेतला सर्वांत जुना, अखंड चालत आलेला, उघड्यावरचा हॉर्स शो अशी त्याची ओळख सांगतात.

मला मात्र ‘सर्वांत जुना’पेक्षा ते साल जास्त खटकलं. १९२३! हे काही घोड्याचे दिवस नव्हेत, हे फोर्डच्या मॉडेल टीचे दिवस. त्या एका वर्षात फोर्डने वीस लाखांच्या घरात गाड्या बनवल्या. १९१५ च्या सुमाराला अमेरिकेत घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींवर होती. १९६० उजाडेपर्यंत ती तीसेक लाखांवर आली. म्हणजे घोडा नाहीसा व्हायला लागला, नेमकी तेव्हाच डोंगरावर त्याची जत्रा भरायला लागली. जोवर घोडा रोज दारात उभा होता तोवर त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नव्हतं. माझं म्हणणं असं की हा शो घोडागाडीच्या जमान्याचा अवशेष नाही. तो मोटारीचंच जोडउत्पादन आहे.

वर्षात दोन वेगळे शो होतात. जूनमध्ये सॅडलब्रेड जातीच्या घोड्यांचा, आणि जुलैअखेर ते ऑगस्टची सुरुवात या काळात हंटर आणि जंपरचा, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्यांचा. मैदान तेच, पण जगं दोन. आम्ही पहिल्यांदा गेलो तो जूनमध्ये. ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले, सकाळचं धुकं अजून झाडांत अडकलेलं, लाकडी तबेल्यांतून ओल्या भुशाचा आणि लिदीचा वास. आणि रिंगणात शिरलेला तो घोडा! मान धनुष्यासारखी, पुढचे गुडघे छातीपर्यंत येतायत, शेपूट कारंज्यासारखी. प्रेक्षक शांत बसत नाहीत. आवडता घोडा समोरून गेला की चक्क आरोळ्या मारतात. मला वाटलं होतं टेनिससारखं शिष्ट वातावरण असेल. छे! कुस्तीचा फड.

जाणकारांनी भर घालावी. चुका काढल्या तरी चालतील.

मोहरी

मस्त लिहिलंय! आम्ही रालीला आहोत, दर ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला तिकडे जातो आणि हे माहीतच नव्हतं. दोन शंका. जूनच्या शोमध्ये घोडे नुसते गोल फिरतात का? मग नंबर कशावरून काढतात? आणि सॅडलब्रेड म्हणजे काय, अरबी घोड्याचाच प्रकार?

डोंगरवाट

@मोहरी, अरबी नव्हे, अस्सल अमेरिकन जात. केंटकी आणि आसपासच्या मुलखातली. दक्षिणेतल्या मोठ्या जमीनदारांना दिवसभर शेतांवरून फिरायचं असे, तेव्हा बसायला मऊ, दिसायला रुबाबदार असा घोडा पाहिजे होता. त्यातून ही जात घडली. १८९१ मध्ये लुइव्हिलला तिची वंशावळ नोंदवणारी संस्था निघाली. कुठल्याही अमेरिकन घोड्याच्या जातीसाठी निघालेली ती पहिली, असं म्हणतात.

गोल फिरतात हे खरं, पण प्रत्येक फेरीला चाल बदलायला सांगतात. तीन चालींचे घोडे वेगळे, पाच चालींचे वेगळे. पाच म्हणजे साधी चाल, दुडकी, कँटर (हलकी दौड), आणि वर दोन खास : ‘स्लो गेट’ आणि ‘रॅक’. या शेवटच्या दोन शिकवून, घोटवून आणाव्या लागतात. रॅकमध्ये चारही पाय वेगवेगळ्या क्षणी, सारख्या अंतराने पडतात. टक-टक-टक-टक, तबल्यावर कोणी द्रुत लयीत बोल वाजवल्यासारखं. घोडा सुसाट सुटलेला असतो आणि वरचा माणूस मात्र खुर्चीत बसल्यासारखा स्थिर. निवेदकाने ‘रॅक ऑन’ म्हटलं की स्टँडमधले म्हातारेसुद्धा उठून उभे राहतात.

तापीकाठ

ओ डोंगरवाट, तुम्ही सांगताय ती तर आमची रेवाल चाल!

मी मूळचा शहाद्याकडचा. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो तिथे लहानपणापासून जातोय. आजोबांचा घोड्यांवर भारी जीव. मारवाडी आणि काठेवाडी घोडे रेवाल चालतात. गिऱ्हाइकापुढे चाल दाखवताना स्वार हातात पाण्याने भरलेला तांब्या धरतो. थेंब सांडला की भाव उतरला. दुडकीत बसणाऱ्याचा सांधान् सांधा हलतो, रेवालीत तुम्ही वरती झोप काढा. दोन टोकांच्या दोन देशांत लोकांना लांबचा पल्ला मारताना कंबर वाचवायची होती, आणि दोघांनी एकच उत्तर काढलं, याची गंमत वाटते.

एक विचारू का? तिथे खुणा बघतात का? आमच्याकडे घोडा आधी खुणांनी पास व्हावा लागतो. चारही पाय आणि कपाळ पांढरं, तो पंचकल्याणी, शुभ. गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ भोवरा, असेल तर मालक किंमत सांगायला घाई करत नाही. भोवरा चुकीच्या जागी असेल तर कितीही देखणा घोडा असो, आजोबा हात मागे घ्यायचे.

डोंगरवाट

@तापीकाठ, वा! तांब्याची परीक्षा इथे आणली पाहिजे. खुणांबद्दल जज बघतात असं काही दिसलं नाही. बांधा, चाल, तोरा आणि सांगितल्यावर ऐकतो की नाही, एवढंच. तांबडे आणि कुमैत रंगाचे जास्त दिसले. अबलख अगदी एखादा.

तिथे एक गोष्ट फार आवडली ती ‘रोडस्टर पोनी’. छोटंसं तट्टू, मागे दोन चाकांची हलकी गाडी, आणि हाकणारा जॉकीसारखा रंगीत रेशमी सदरा घालून. पहिल्या दोन फेऱ्या सभ्यपणे होतात. मग निवेदक वेग वाढवायला सांगतो आणि ते तट्टू असं सुटतं की वळणावर गाडीचं एक चाक उचललं जाईल की काय वाटतं. माझ्या मुलाला पुढचे चार दिवस दुसरा विषय नव्हता.

शंकासुर

लेख छान. आता माझं काम.

१) ‘सर्वांत जुना’ हा दावा सांभाळून घ्या. व्हर्जिनियातला अपरव्हिलचा शो १८५३ चा आहे, रिचर्ड डुलनी नावाच्या माणसाने सुरू केलेला. पेनसिल्व्हेनियातला डेव्हनचा १८९६ चा. न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला नॅशनल हॉर्स शो १८८३ चा, पण तो छपराखालचा. म्हणजे ब्लोइंग रॉकचं सगळं मोठेपण ‘अखंड’ आणि ‘उघड्यावरचा’ या दोन शब्दांवर तोललेलं आहे. त्यातला एक काढा, पहिला नंबर गेला.

२) तुमचा मोटारवाला सिद्धांत ऐकायला गोड आहे. पण १९२३ मध्ये घोड्याची गरज कोणाची संपली होती? त्या डोंगरातल्या शेतकऱ्याची नक्कीच नाही. उतारावरच्या वावरात तो घोड्याखेचरांनीच नांगरत होता, आणि पुढेही कितीतरी वर्षं नांगरत राहिला.

डोंगरवाट

दोन्ही मुद्दे मान्य. दुसरा जास्त. गरज संपली ती वर हवा खायला येणाऱ्यांची. माझ्या वाक्यात ‘घोड्याची गरज संपली’ असं आलं, त्याऐवजी ‘ज्यांच्याकडे मोटार आली त्यांची’ असं पाहिजे होतं. शीर्षक आता बदलता येत नाही.

पण यातून एक वेगळंच चित्र डोळ्यांपुढे येतं. त्याच आठवड्यात, त्याच डोंगरावर, एक घोडा नांगराला आणि दुसरा रिंगणात. एकाला कोणी बघत नाही, दुसऱ्याला बक्षिसाची फीत. मला वाटतं हॉर्स शो बघताना हा पहिला घोडा विसरला जातो. मीही विसरलोच होतो.

पंत_पुणेरी

अपरव्हिलच्या मंडळींना १८५३ वर अडून बसू द्या. मधे अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तेव्हा तिथले घोडे आणि स्वार दोन्ही दुसऱ्याच कामाला लागले होते. सर्वांत जुना कोण आणि अखंड कोण, ही दोन वेगळी पदकं आहेत. आम्हा पुणेकरांना हे शिकवायला लागत नाही. पहिला मानाचा कोण, आधी बसलेला कोण, आणि मिरवणुकीत पुढे कोण, या तिन्हींवर आमच्याकडे तीन स्वतंत्र भांडणं उपलब्ध आहेत.

शंकासुर

पंत, मग सांगा : २०२० साली वारी खंडित झाली का? पालख्या पायी गेल्या नाहीत. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या.

पंत_पुणेरी

झाली नाही. पादुका पोचल्या ना? वाहन बदललं.

तापीकाठ

😄 तर मग डोंगरवाटांचा सिद्धांत खराच. घोड्याच्या जागी मोटार आली तरी परंपरा अखंड.

निळी_फीत

उशिरा आले. माझी मुलगी अकरा वर्षांची, तीन वर्षं राइडिंग शिकतेय. जुलैचा शो आम्ही दोनदा पाहिला आहे, भाग घेतलेला नाही, म्हणून त्या अर्ध्या भागाबद्दल लिहिते. तो राहिलाच आहे इथे.

हंटर आणि जंपर ही दोन नावं जोडून येतात, पण खेळ अगदी वेगळे. जंपरमध्ये हिशेब सोपा : बांबू पाडलात की चार दोष, घोडा अडून बसला की चार दोष, घड्याळ चालू. घोडा कसा दिसतो याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. तंगड्या कशाही टाकत का होईना, पलीकडे जा. हंटरमध्ये उलट. अडथळे साधे, रंगही झाडापानांचे, कारण मूळ कल्पना कोल्ह्याच्या शिकारीला शेताकुंपणांवरून जाणाऱ्या घोड्याची. जज शंभरापैकी गुण देतो ते सहजतेला. प्रत्येक टाप सारख्या अंतरावर, उडी घेताना गुडघे वर आणि जुळलेले, कान पुढे, आणि स्वार जणू काही करतच नाहीये. उत्तम फेरी बघताना झोप यावी इतकी ती गुळगुळीत असते. आयाळीच्या बारीक बारीक वेण्या घातलेल्या असतात. त्या घालणारे लोक पहाटे तीन-चारला तबेल्यात कामाला लागतात.

आणि इथे आरोळ्या बंद! घोडा रिंगणात असेपर्यंत सगळे श्वास धरून. जूनवाला प्रेक्षक चुकून जुलैत आला तर त्याला बाहेर काढतील.

मापांची एक गंमत. उंची ‘हात’ या मापात सांगतात, एक हात म्हणजे चार इंच. आपली मूठ म्हणा. पोनी म्हणजे १४.२ पर्यंत. मी कित्येक महिने हे दशांश चिन्ह समजत होते. ते चौदा मुठी आणि दोन इंच, म्हणजे ५८ इंच. १४.३ नंतर थेट १५ येतो.

फितींचे रंगही सांगते, कारण आमच्या घरी यावरून रडारड झाली आहे. अमेरिकेत पहिला निळा, दुसरा लाल, मग पिवळा, पांढरा, गुलाबी, सहावा हिरवा, सातवा जांभळा, आठवा तपकिरी. इंग्लंडात लाल पहिला. लीसेस्टरच्या माझ्या दिराने लाल फितीचा फोटो बघून ‘पहिली आली!’ म्हणून सगळ्या खानदानाला कळवलं, आणि मग ते निस्तरायला मला आठवडा लागला.

मोहरी

@निळी_फीत, खर्च किती येतो हो? भोचकपणाबद्दल माफी.

निळी_फीत

अगं भोचक कसला, हाच खरा प्रश्न. आम्ही नुसता धडा घेतो, तासाला सत्तर-ऐंशी डॉलर, घोडा तबेल्याचा. स्वतःचा घोडा घेतलात की तबेल्याचं भाडं, नालबंद, डॉक्टर, आणि शोला नेण्याची ट्रेलर. तिथून पुढचं गणित मी नवऱ्यासमोर करत नाही. शोमध्ये तबेल्यांच्या दारांवर प्रत्येकाच्या रंगाचे पडदे, खुर्च्या, कुंड्या सजवलेल्या असतात. त्या कुंड्यांतली फुलं बघूनच कळतं की आपण इथे पाहुणे.

कडुनिंब

धागा वाचून आनंद होतोय, पण कोणीतरी हे लिहायला हवं म्हणून लिहितो. ती ‘कारंज्यासारखी शेपूट’ आपोआप येत नाही. तबेल्यात असताना सॅडलब्रेडच्या शेपटीला पट्ट्यांचा साज बांधून ती वर राहील अशी ठेवतात. पूर्वी शेपटीखालचा स्नायू सैल करण्यासाठी छेदही देत. गुडघे उंच यावेत म्हणून वजनदार नाल. टेनेसी वॉकिंग हॉर्स या दुसऱ्या जातीत तर पायाला रसायनं लावून, साखळ्या बांधून वेदनेने पाय उचलायला लावण्याचा प्रकार इतका वाढला की १९७० मध्ये अमेरिकन संसदेला कायदा करावा लागला. ब्लोइंग रॉक हा त्या जातीचा शो नाही, हे मला माहीत आहे. तरी ‘रुबाब’ हा शब्द वापरताना त्याखाली काय असतं ते बघावं.

आणि दुसरं. १९२३ चं दक्षिण म्हणजे गोऱ्याकाळ्यांच्या वेगळ्या नळांचं, वेगळ्या दारांचं दक्षिण. रिंगणात कोण होतं आणि तबेल्यात खरारा कोण करत होतं?

डोंगरवाट

@कडुनिंब, लिहिलंत ते बरं केलंत. शेपटीबद्दल मला तिथे एका मोतद्दाराने सांगितलं, पण मूळ लेखात मी ते घेतलं नाही. खरं सांगायचं तर त्या घोड्याने मला भुरळ घातली होती.

गिरणगाव

दुसऱ्या प्रश्नावर एक नाव सांगतो, ब्लोइंग रॉकचं नाही, पण या जातीच्या इतिहासातलं : टॉम बास. १८५९ साली मिसुरीत जन्मला तो गुलाम म्हणून. मोठा होऊन सॅडलब्रेड घोड्यांचा देशातला एक सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला, १८९३ च्या शिकागोच्या विश्वप्रदर्शनात त्याने घोडा दाखवला. घोड्याच्या तोंडाला इजा होऊ नये म्हणून त्याने लगामाची वेगळी कडी घडवली, ‘बास बिट’ या नावाने ती ओळखली जाते. वारला १९३४ मध्ये. म्हणजे कडुनिंबांच्या दोन्ही प्रश्नांच्या नेमक्या मधोमध हा माणूस उभा आहे. ज्या समाजाने त्याला माणूस मानलं नव्हतं, त्याच्या घोड्यांच्या तोंडाची काळजी याने वाहिली.

आता अवांतर, पण मला राहवत नाही. माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेवाले होते, म्हणून कापडाचा धागा (तो वेगळा धागा) दिसला की मी ओढतोच. त्या हॉर्स शोच्या मैदानाला लागून मोझेस कोनची इस्टेट आहे. कोन म्हणजे ग्रीन्सबरोचा ‘डेनिम किंग’. तुमच्याआमच्या लिव्हाइसच्या ५०१ जीन्सचं कापड कित्येक दशकं त्याच्या कंपनीच्या गिरणीत विणलं जायचं. ती व्हाइट ओक गिरणी २०१७ मध्ये बंद पडली. या माणसाने १९०० च्या आसपास साडेतीन हजार एकरांवर फ्लॅट टॉप मॅनर नावाचा वाडा बांधला आणि डोंगरात पंचवीस मैल रस्ते फक्त घोडागाडीतून फिरण्यासाठी काढले. चढ असा बेतलेला की घोडा दमू नये. स्वतः १९०८ मध्ये गेला. बायको बर्था १९४७ पर्यंत होती. पुढे ती जागा नॅशनल पार्कवाल्यांकडे आली, आणि त्या वाटांवर आजही लोक घोड्यावरून फिरतात.

डोंगरवाट

अवांतर कसलं, हाच गाभा! मला या शोचं टिकणं कळलं ते त्या वाटांवरून चालतानाच. बाकीच्या ठिकाणी घोड्यांची मैदानं शहराने गिळली. ब्लोइंग रॉकला एका बाजूला कोनची इस्टेट, पुढे १९३५ पासून बांधायला घेतलेला पार्कवे. म्हणजे मैदानाशेजारी मॉल यायला वावच राहिला नाही. गिरणीच्या पैशाने घोड्यांच्या वाटा झाल्या, सरकारने त्या राखल्या, आणि लेनॉरच्या फर्निचरवाल्या ब्रॉयहिल घराण्याचं नाव परिसराला आलं. कापड आणि लाकूड, कॅरोलिनाची दोन्ही दुभती जनावरं, या घोड्याला पोसत आली.

आता दोन्ही जनावरं आटली, घोडा आहे.

मोहरी

आणि माथेरानसारखी झुकझुकगाडी पण आहे ना तिथे? ट्वीट्सी?

डोंगरवाट

@मोहरी, आहे, पण ती आता खेळातली, १९५७ पासून करमणुकीच्या बागेत फिरते. मूळची नॅरो गेज खरीखुरी, टेनेसीतून बूनपर्यंत येणारी. १९४० च्या ऑगस्टमधल्या पुराने बूनकडचा रूळ वाहून गेला तो कायमचा. माथेरानची गाडीसुद्धा पावसाने रूळ वाहून नेला म्हणून बंद पडली होती, पण आपण ती पुन्हा चालू केली. (आपलं काहीतरी बरं आहे.)

पूर म्हटल्यावर सांगतो, २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने या भागाची फार दैना केली. पार्कवे ठिकठिकाणी खचला, कोनच्या वाटांवर झाडं आडवी झाली, दरडी आल्या. आम्ही नेहमी जायचो त्या वाटेवर कितीतरी दिवस पट्टी लावलेली होती. निघण्याआधी रस्त्यांची आणि वाटांची ताजी माहिती बघूनच निघा.

मोहरी

धागा वर काढते, कारण जाऊन आलो! जुलैचा, हंटरवाला. साताऱ्याहून आई आली आहे, तिला घेऊन गेलो.

टिपा देते. शार्लटहून कमी पडतं, रालीहून सकाळी सहाला निघावं लागलं. छत्री नको, रेनकोट घ्या. छत्री उघडली की घोडे बिचकतात, आम्हाला नम्रपणे मिटायला सांगितली. चपला नकोत, चिखल असतो. जेवण बरोबर न्या. आणि पावसाची सर येऊन गेल्यावर दरीतून धुकं वर चढतं तेव्हा रिंगणाच्या पलीकडची बाजू दिसेनाशी होते, नुसत्या टापा ऐकू येतात. तेवढ्यासाठी पुन्हा जाईन.

आईची टिप्पणी मात्र इथे नोंदवते. वेण्या घातलेला पहिला घोडा आला, तिने सगळं नीट न्याहाळलं आणि मला म्हणाली, ‘‘एवढा नटवलाय, वरात कुठाय?’’

निळी_फीत

हाहाहा! मुलीला वाचून दाखवलं. आईंना कुठला घोडा आवडला?

मोहरी

तेच तर. तिच्या लहानपणी घरी टांगा होता, त्यामुळे ती गुणांच्या पाटीकडे बघतच नव्हती, पायांकडे बघत होती. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असलेला एक कुमैत आला, तर हात जोडून म्हणाली, हाच पहिला.

तापीकाठ

पंचकल्याणी! मी सांगतो, पहिलाच आला असणार.

मोहरी

हिरवी फीत.

आई म्हणते जजला घोड्यातलं काही कळत नाही.